काळजात रुतलेलं शल्य: बुद्धांचं आयुष्य आणि त्यांची मूळ शिकवण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शाळेत बुद्धांचं चरित्र वाचलं, चार आर्यसत्यं आणि अष्टांगिक मार्ग पाठही झाला, तरी तीन ठिकाणी मन अडतं. तान्ह्या मुलाला आणि झोपलेल्या बायकोला टाकून मध्यरात्री निघून जाणारा माणूस करुणेचा आदर्श कसा? सगळं दुःखच आहे असं मानलं तर संसारात राहणाऱ्याने जगायचं कशासाठी? आणि आत्मा नाही म्हणायचं, वर पुनर्जन्मही मानायचा, तर जन्म घेतो कोण?

गेली पंचवीसएक वर्षं मी पाली शिकवते आहे आणि त्याच्या थोडं आधीपासून ध्यानाला बसते आहे. हे तीन प्रश्न दरवर्षी वर्गात येतात. विचारणारा माणूस बहुधा मन लावून ऐकणारा असतो, म्हणून त्यांना दोन ओळींत वाटेला लावणं मला कधीच जमलं नाही. सविस्तर लिहिते. माझ्या मते तिन्ही प्रश्नांची वाट एकाच शब्दावरून जाते, आणि तो शब्द मराठीत आपण रोज वापरतो: शल्य.

आधी चरित्राबद्दल. आपल्या डोळ्यांसमोर जे बुद्धचरित्र आहे ते दोन थरांचं आहे. जुना थर पाली सुत्तांचा, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाठांचा. त्यात बुद्ध स्वतःबद्दल क्वचित आणि तुटक बोलतात. कुणाच्या प्रश्नाच्या ओघात एखादी आठवण सांगतात, आणि पुढे जातात. दुसरा थर नंतरच्या शतकांतला: अश्वघोषाचं बुद्धचरित, ललितविस्तर, जातकांची निदानकथा. झोपलेली यशोधरा, सारथी छन्न, कंथक घोडा, मध्यरात्रीचं नगरद्वार हे सगळं या दुसऱ्या थरातलं आहे. फार सुंदर काव्य आहे ते, पण त्यावरून माणसाच्या चारित्र्याचा निवाडा करायचा तर आधी जुना थर वाचायला हवा.

जन्मस्थळाची खूण दगडात आहे. आजच्या नेपाळमधल्या लुंबिनीत अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यावर कोरलं आहे. काळाबद्दल मात्र एकमत नाही. पुस्तकांत बहुधा इ.स.पू. ५६३ ते ४८३ असं दिलेलं असतं. श्रीलंकेच्या परंपरेत परिनिर्वाण, म्हणजे बुद्धांचा मृत्यू, इ.स.पू. ५४४ चं मानतात, आणि १९५६ साली २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली ती याच गणनेने. आज बरेच अभ्यासक परिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास धरतात. शिकवण समजायला यातलं कुठलंही वर्ष चालतं.

शुद्धोदन 'राजा' होता म्हणजे चक्रवर्ती नव्हता. शाक्यांचं गणराज्य होतं, कुळांचे प्रमुख संथागारात, म्हणजे सभागृहात, जमून कारभार ठरवत, आणि वर कोसलाच्या राजाची सत्ता होती. सुत्तनिपातात तरुण सिद्धार्थ मगधाच्या बिंबिसार राजाला आपली ओळख करून देतो तीही कोसल देशातल्या लोकांपैकी एक, गोत्र आदित्य, कूळ शाक्य, अशी.

आता गृहत्याग. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध सांगतात: मी तरुण होतो, केस काळेभोर होते, आई-वडिलांची इच्छा नव्हती, त्यांच्या डोळ्यांतून आसवं वाहत होती, आणि मी केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रं घालून घरातून बाहेर पडलो. इथे चोरून पळणं नाही. रडणाऱ्या माणसांच्या देखत घेतलेला निर्णय आहे, आणि त्या रडण्याची नोंद पुढेही मनात राहिलेली आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यंही या सुत्तात नाहीत. दीघ निकायात ती कथा आहे, पण विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून.

मग घर का सोडलं? सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात एक गाथा आहे: 'फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा'. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी ही माणसं एकमेकांवर उठलेली पाहिली आणि मला भीती वाटली, असं बुद्ध तिथे म्हणतात. धर्मानंद कोसंबींनी मराठी वाचकांसमोर हे सुत्त ठेवलं आणि गृहत्यागाचं कारण त्यात शोधलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चार दृश्यांची कथा पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादाला महत्त्व दिलं. पाली अट्ठकथांत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथांत, हा वाद बुद्धत्वानंतर येतो आणि बुद्ध मध्ये पडून तो शमवतात, हेही सांगायला हवं. पण पाणी थोडं आणि भांडणारे जास्त, हे चित्र सुत्तात आहेच. मला स्वतःला पुढची गाथा जास्त हलवते. सगळीकडे हिंडून पाहिलं, कुठेच निर्धास्त जागा सापडली नाही, आणि मग 'अथेत्थ सल्लं अद्दक्खिं, दुद्दसं हदयनिस्सितं': इथे काळजात रुतलेलं, सहज न दिसणारं शल्य मला दिसलं. त्या शल्याने टोचलेला माणूस दाही दिशांना धावत सुटतो. ते उपटून काढलं की धावणंही थांबतं आणि बुडणंही.

'मनात शल्य राहिलं' असं आपण म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरतो; त्याचा मूळ अर्थ रुतलेला बाण. बुद्धांच्या आयुष्याचा उरलेला भाग म्हणजे हे शल्य पाहणं, काढणं आणि दुसऱ्यांना काढायला शिकवणं.

यशोधरेचा प्रश्न याने मिटत नाही, आणि मी तो मिटवूही इच्छित नाही. संघाच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, तिचं नावसुद्धा येत नाही, 'राहुलमाता' एवढीच ती उरते. बुद्ध कपिलवस्तूला परत येतात तेव्हा ती मुलाला सांगते, राहुला, हे तुझे वडील, जा आणि वारसा माग. मुलगा समोर उभा राहून म्हणतो, 'सुखा ते, समण, छाया', श्रमणा, तुझी सावली सुखाची आहे. बुद्ध त्याला संघात घेतात. मग म्हातारा शुद्धोदन येतो. तो म्हणतो, तुम्ही गेलात तेव्हा मला फार दुःख झालं, धाकटा मुलगा नंद गेला तेव्हाही झालं, आता राहुलाच्या वेळी तर सीमाच झाली. मुलाची माया कातडी कापते, मांस कापते, स्नायू कापते, हाड कापते आणि मज्जेपर्यंत जाऊन थांबते. यापुढे आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कुणा मुलाला दीक्षा देऊ नका. बुद्ध ऐकून घेतात आणि तसा नियम करतात. संघाचा एक नियम एका दुखावलेल्या बापाच्या तोंडून आला आहे, आणि संघाने तो प्रसंग लपवला नाही. वर्गात हा उतारा वाचताना मी दरवर्षी थोडा वेळ थांबते.

घर सोडल्यावर आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे ते ध्यान शिकले. आळाराने आपल्या बरोबरीचं, तर उद्दकाने गुरूचंच स्थान देऊ केलं. मन खोल शांत होतं, पण उठल्यावर शल्य जिथल्या तिथे, म्हणून ते पुढे निघाले. मग उरुवेलेजवळ कठोर तप. महासच्चक सुत्तात त्याचं वर्णन आहे: ओंजळीएवढं मुगाचं किंवा हुलग्यांचं कढण, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे, अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडत. एवढं करून काय मिळालं? काही नाही.

इथे जी कलाटणी आहे तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. त्यांना लहानपणची एक दुपार आठवली. वडील कामात होते, आपण जांभळीच्या थंड सावलीत बसलो होतो, आणि मन आपोआप स्थिर, आनंदी झालं होतं. हाच बोधीचा मार्ग असेल का? आणि पुढचं वाक्य: 'मी त्या सुखाला का भितो आहे, जे कामवासनेपासून आणि अकुशलापासून वेगळंच आहे?' सगळं दुःख आहे असं सांगणारा म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्याला वाट सापडली ती सुखाची भीती टाकून दिल्यावर. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी दात-ओठ खाऊन बसायचे. गुडघे पेटले की वाटायचं, आज साधना झाली. या एका वाक्याने माझं बसणं बदललं.

त्यांनी भात खाल्ला, अंगात ताकद आणली, सोबतचे पाच तपस्वी 'हा सुखासीन झाला' म्हणून सोडून गेले, आणि नेरंजरेच्या काठी पिंपळाखाली वयाच्या ३५ व्या वर्षी बोधी मिळाली. नंतर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. वाटेत पहिला माणूस भेटला उपक नावाचा, आजीवक पंथाचा साधू. चेहऱ्यावरचं तेज पाहून त्याने विचारलं, तुझा गुरू कोण? बुद्धांनी सांगितलं, मला गुरू नाही, मी स्वतः जाणलं. उपक म्हणाला, 'असेल बाबा', मान हलवली आणि आडवाटेने निघून गेला. बुद्धाची पहिली ओळख अशी वाया गेली. सारनाथला ते पाच जण भेटले तेव्हा मात्र 'मी जाणलं' एवढ्यावर न थांबता त्यांनी करायचं काय ते मांडून दाखवलं.

हेच धम्मचक्कप्पवत्तन सुत्त, आषाढी पौर्णिमेचं. चार आर्यसत्यं आपण पाठ करतो ती यातली: दुःख, दुःखाचा समुदय (उगम), निरोध (थांबणं) आणि निरोधाकडे नेणारा मार्ग. पण पाठ करताना सुत्तातला अर्धा भाग गळतो. तिथे प्रत्येक सत्याला एक काम जोडलेलं आहे. दुःख 'परिञ्ञेय्य', म्हणजे पूर्ण ओळखून घ्यायचं. समुदय 'पहातब्ब', सोडायचा. निरोध 'सच्छिकातब्ब', स्वतः अनुभवायचा. मार्ग 'भावेतब्ब', वाढवायचा, जोपासायचा. मला बोधी झाली असं मी कधी म्हणालो, तर ही चारही कामं पुरी झाल्यावर, असं बुद्ध तिथेच सांगतात. चार सत्यं मान्य आहेत का, हा प्रश्नच तिथे नाही. वैद्याने सांगितलेलं पथ्य मान्य करून कुणी बरं होत नाही, ते पाळावं लागतं.

तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटायला लागतो. दुःखाची यादी सुत्तात अगदी घरगुती आहे: जन्म, म्हातारपण, मरण, नावडत्याची गाठ पडणं, आवडत्याची ताटातूट, हवं ते न मिळणं. यात नाकारण्यासारखं काय आहे? शेवटी एक वाक्य येतं: थोडक्यात, पाच उपादानस्कंध म्हणजे दुःख. शरीर, वेदना, संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच गट. पाली 'वेदना' शब्दात सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही संवेदना येतात, मराठीतल्यासारखी फक्त दुखणारी नव्हे. जोर 'उपादान' शब्दावर आहे, धरून बसण्यावर. जे बदलणारच आहे ते मुठीत घट्ट धरलं की मूठ दुखते. जग म्हणजे दुःख असं विधान मला कुठल्या सुत्तात सापडलं नाही.

धरून बसायला लावते ती तृष्णा. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: भोगांची, काहीतरी होण्याची आणि नाहीसं होण्याची. तिसरी फार महत्त्वाची आहे. 'यातून सुटावं, काहीच नको' ही ओढसुद्धा तृष्णाच आहे. बुद्धांची शिकवण म्हणजे जीवनाला कंटाळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तिसरी तृष्णा पुन्हा वाचावी.

शल्याची दुसरी उपमा संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात आहे. एखाद्याला बाण लागतो आणि लगेच मागोमाग दुसरा बाण लागतो. पहिला शरीराचं दुखणं. दुसरा त्या दुखण्याबद्दलची तळमळ, छाती पिटणं, 'माझ्याच वाट्याला का' हे. न शिकलेल्या माणसाला दोन्ही लागतात, शिकलेल्याला पहिलाच. पहिला बाण बुद्धांनाही लागत होता: उतारवयात पाठ दुखायची, तेव्हा सारिपुत्त या शिष्याला पुढचं प्रवचन द्यायला सांगून ते आडवे होत. माझे वडील गेले त्या वर्षी मला या सुत्ताचा अर्थ कळला. आठवण येऊन रडू येणं हा पहिला बाण. त्यानंतर रात्र-रात्र चालणारं 'मी तेव्हा असं का बोलले, त्या दिवशी का गेले नाही' हा दुसरा, आणि तो मारणारा हात माझाच होता. रडू थांबवायचा प्रयत्न मी सोडला. हात तेवढा बघत राहिले.

निरोध, निर्वाण, याबद्दल गूढ फार पसरलं आहे. सारिपुत्तांना एका परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, थेट विचारलं, निर्वाण म्हणतात ते काय? उत्तर आलं: रागाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. इथे 'राग' म्हणजे आसक्ती. मराठीतला संताप नव्हे. राग, द्वेष आणि मोह या तीन विझणाऱ्या गोष्टींकडे बोट दाखवलेलं आहे, दुसऱ्या कुठल्या लोकाकडे नाही.

मार्गाची आठ अंगं तुम्हाला पाठ आहेत, त्यांचा अर्थ पुन्हा लिहीत नाही. त्या शिडीच्या पायऱ्या नाहीत, एवढं सांगते. शील, समाधी आणि प्रज्ञा एकमेकांना धरून वाढतात. दिवसभर खोटं बोलून संध्याकाळी आनापानाला, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाला, बसलं की श्वासाऐवजी दिवसभराचे हिशोबच दिसतात, हे बसणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळतं. आणि जोर किती लावायचा? सोण नावाचा भिक्खू चंक्रमण (चालत करायचं ध्यान) करून करून पाय रक्ताळेपर्यंत थकला, घरी परतावं असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी विचारलं, तारा फार ताणल्या तर सूर लागे का? फार सैल सोडल्या तर? मध्यम मार्ग समजवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. तारेला ताण हवाच. किती, ते कानाने ठरतं.

संसारी माणसासाठी काय आहे, असं तुम्ही विचारता. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा व्यापारी, जेतवन त्याने दिलं. त्याला बुद्ध गृहस्थाची चार सुखं सांगतात: कष्टाने, धर्माने मिळवलेली संपत्ती असण्याचं, ती भोगण्याचं आणि दान देण्याचं, कुणाचं कर्ज नसण्याचं, आणि निर्दोष वागणुकीचं. कर्ज नसल्याचं सुख! हे सांगणाऱ्याला संसार कळत नव्हता असं कोण म्हणेल? सिगालोवाद सुत्तात तर एक तरुण सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करत उभा आहे, आणि बुद्ध त्याला त्या दिशांचे अर्थ बदलून देतात. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण गुरू, पश्चिम बायको-मुलं, उत्तर मित्र, खालची दिशा नोकर-कामकरी, वरची श्रमण-ब्राह्मण. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, एकनिष्ठ राहावं, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा, दागिने द्यावेत. मालकाने ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलं-चुंगलं वाटून खावं, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. नमस्कार हवाच असेल तर तो असा करायचा.

जन्मावरून माणूस हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, असं वसल सुत्तात स्पष्ट आहे, आणि संघात ते पाळलंही गेलं. शाक्य तरुण दीक्षेला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली, आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा जाईल. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र कथा एवढी सरळ नाही. बुद्धांची मावशी आणि सावत्र आई महाप्रजापती गौतमी हिने तीनदा दीक्षेची मागणी केली आणि तिन्ही वेळा नकार आला. ती केस काढून, काषाय नेसून वैशालीपर्यंत चालत गेली आणि सुजलेल्या पायांनी दाराबाहेर रडत उभी राहिली. बुद्धांचा सेवक-शिष्य आनंद याने विचारलं, स्त्रीला अर्हत्पद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकतं की नाही? बुद्ध म्हणाले, मिळू शकतं. मग परवानगी मिळाली, आठ जाचक नियमांसह. ते नियम मला पटत नाहीत, आणि ते बुद्धांचेच की नंतर घातलेले यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्या परवानगीतूनच थेरीगाथा आली, भिक्खुणींच्या स्वतःच्या शब्दांतली. ती जरूर वाचा.

आता तिसरा प्रश्न. 'आत्मा नाही' हे ऐकून लोकांना वाटतं की 'तू अस्तित्वातच नाहीस' असं काहीतरी सांगितलं. अनत्तलक्खण सुत्तातला युक्तिवाद फार साधा आहे. हे शरीर जर 'मी' असतं, माझ्या सत्तेतलं असतं, तर 'माझं शरीर असं होवो, असं न होवो' म्हटल्यावर ते तसं झालं असतं. होत नाही. वेदनांचं, विचारांचं, जाणिवेचंही तसंच. ध्यानाला बसून पाच मिनिटं 'आता विचार नको' म्हणून पाहा, सुत्ताची सत्यता लगेच कळेल. जे सतत बदलतं आणि माझं ऐकत नाही, त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणायचं कशाच्या जोरावर?

मग पुनर्जन्म कुणाचा? हा गोंधळ बुद्धांच्या समोरच झाला होता. साति नावाच्या भिक्खूने सांगायला सुरुवात केली की हेच विज्ञान, हीच जाणीव एका जन्मातून दुसऱ्यात जाते. बुद्धांनी त्याला बोलावून फटकारलं. म्हणाले, जाणीव कारणांवाचून उत्पन्न होत नाही, असं मी किती परींनी सांगितलं आहे! लाकडावर जळतो तो लाकडाचा अग्नी, गोवरीवर जळतो तो गोवरीचा. इंधन नाही तर अग्नी नाही. हाच प्रतीत्यसमुत्पाद: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. पुढे मिलिंद राजाला भदंत नागसेनांनी दिव्याचं उदाहरण दिलं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही, पण एकीच्या आधारावर दुसरी पेटते. इकडून तिकडे जाणारी वस्तू नाही, चालू राहणारी प्रक्रिया आहे. हे तुम्हाला पटलंच पाहिजे असा आग्रह मी धरत नाही. मालुंक्यपुत्ताने धमकी दिली होती की जग शाश्वत की अशाश्वत, तथागत (म्हणजे बुद्ध) मरणानंतर असतो की नसतो, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस म्हणू लागला की बाण मारणारा कुठल्या जातीचा, धनुष्य कुठल्या लाकडाचं, पीस कुठल्या पक्ष्याचं हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, तर उत्तरं मिळण्याआधी तो मरेल. पुन्हा तेच शल्य.

कर्माबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करते, कारण त्याने आजारी माणसांना फार त्रास होतो. आपल्याला जे भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्माचं फळ, असं बुद्ध शिकवत नाहीत. सीवक नावाच्या परिव्राजकाने नेमकं हेच विचारलं होतं. उत्तरात बुद्धांनी दुखण्याची आठ कारणं मोजली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला घात आणि आठवं कर्मविपाक. 'चेतनेलाच मी कर्म म्हणतो' अशी त्यांची व्याख्या आहे: कृतीमागचा हेतू हेच कर्म. रुग्णाच्या उशाशी बसून 'मागच्या जन्मीचं असेल' म्हणणाऱ्याने विनयातला तो प्रसंग आठवावा, जिथे अतिसार झालेला भिक्खू स्वतःच्या मळमुत्रात पडलेला आहे, आणि बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः आंघोळ घालतात. मग संघाला बोलावून सांगतात, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

शेवटच्या वर्षाची हकीकत महापरिनिब्बान सुत्तात आहे. वय ८०. जुनी गाडी जशी दोऱ्यांनी आवळून आवळून चालवावी तसं माझं शरीर चाललं आहे, असं ते आनंदाला सांगतात. आनंदाला वाटतं, संघासाठी शेवटचं काही राखून ठेवलेलं असेल. ते म्हणतात, माझ्याकडे 'आचार्यमुष्टी' नाही, मूठ झाकून ठेवलेलं काही नाही. स्वतःचाच आधार घ्या, धम्माचा आधार घ्या. पावा या गावी चुंद नावाच्या लोहाराच्या घरी जेवण झालं आणि दुखणं बळावलं. कुशीनाऱ्याच्या वाटेवर, अंगात त्राण नसताना, त्यांनी आनंदाला एक काम सांगितलं: चुंदाला कुणी दोष देईल, त्यालाही पश्चात्ताप होईल, तर त्याला सांग की बोधीच्या आधीचं आणि परिनिर्वाणाच्या आधीचं ही दोन जेवणं सगळ्यांत पुण्याची. स्वतःचा पहिला बाण सोसत असताना ते दुसऱ्याला लागू शकणारा दुसरा बाण अडवत होते.

आता सुरुवात कुठून करायची? माझ्या मते अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तापासून करा, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न ज्या मुलाबद्दल होता त्याला बापाने काय दिलं ते कळेल. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. पाय धुऊन भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून बुद्ध त्याला म्हणतात, जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्यात साधुत्व एवढंसंच उरतं. पाणी फेकून देतात, भांडं उपडं करतात, रिकामं दाखवतात. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच शरीराने, वाणीने, मनाने काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का? होत असेल तर थांबायचं, झाली असेल तर कुणा जाणत्यासमोर उघड बोलायचं. अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून सात पाठांची नावं दिली आहेत. त्यांत 'खोटं बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश' आहे.

महिनाभर फक्त वाणीपुरतं हे करून पाहा. रात्री दहा मिनिटं बसा, श्वासावर मन ठेवा, आणि दिवसभरात बोललेलं एकच वाक्य त्या आरशात धरा. अष्टांगिक मार्गातलं सम्यक वाचा, सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती त्यात आपोआप येतील. पुढचे प्रश्न तेव्हा विचारा, ते आजच्यापेक्षा वेगळे असतील.